नामांतराचे कागद रद्दीत जाऊ देऊ नका

1978 साली मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात पत्रकं वाटणारी, रात्री खळीची बादली घेऊन औरंगाबादच्या भिंतींवर पोस्टरं डकवणारी पोरं अठरा ते पंचवीस वर्षांची होती. आज ती पासष्टी ओलांडून गेली आहेत, पुष्कळ सत्तरीत आहेत, काही या जगात नाहीत. त्यांच्या घरात माळ्यावर किंवा पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत एक गठ्ठा असतो. न्यूजप्रिंटवरची पत्रकं, कडा विरलेल्या सायक्लोस्टाइल प्रती, तुरुंगातून घरी धाडलेली पोस्टकार्डं, वर्गणीची पावतीपुस्तकं, गाण्यांची वही, मोर्चातला एखादा कृष्णधवल फोटो. घराला रंग द्यायचा निघाला, मुलानं पुण्याला फ्लॅट घेतला, किंवा माणूसच गेला आणि खोली आवरायची वेळ आली, की हा गठ्ठा खाली येतो. नातवंडं चाळून बघतात, कुणाला काही लागत नाही, आणि जुन्या वह्यापुस्तकांबरोबर तोही रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो.

हे थांबवायचं आहे. फार वेळ हाताशी नाही.

नामांतराच्या लढ्याचा सांगाडा सगळ्यांना पाठ आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले, हजारो माणसं बेघर झाली, ठराव कागदावरच राहिला. नोव्हेंबर 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला आणि खडकपूर्णा नदीजवळ पोलिसांनी तो अडवला. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला आणि विद्यापीठ 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. ठरावापासून कमानीवर नाव येईपर्यंत सोळा वर्षं.

एवढं सांगून झालं की भाषणं संपतात. पण सोळा वर्षं म्हणजे विद्यार्थ्यांच्या चार-पाच पिढ्या. वसतिगृहाच्या खोलीत पत्रकाचा मजकूर कोण लिहीत होतं? स्टेन्सिल कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या नकळत कापलं जात होतं? कागदाचे पैसे कुठून येत? ऑगस्ट 1978 मध्ये गावी अडकलेला विद्यार्थी सहा महिन्यांनी परीक्षेला कसा बसला, की बसलाच नाही? शिष्यवृत्तीच्या पैशातून किती जणांनी सत्याग्रहाला जायला एसटीचं तिकीट काढलं? या प्रश्नांची उत्तरं नेत्यांच्या चरित्रांत नाहीत. ती त्या गठ्ठ्यांत आहेत, आणि गठ्ठे सांभाळणाऱ्यांच्या डोक्यात आहेत.

मराठवाड्यात विद्यार्थी आधी लढले आणि विद्यापीठ नंतर आलं, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. निजामाच्या राज्यात, 1938 च्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. प्रशासनानं बंदी घातली, मुलं हटली नाहीत, त्यांना काढून टाकण्यात आलं. शिक्षण संपल्यातच जमा होतं. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या मुलांपैकीच एक. आंदोलन केलं म्हणून एका विद्यापीठानं हाकललेल्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठानं बोलावून घ्यावं, ही गोष्ट आजच्या कुलगुरूंच्या बैठकीत एकदा वाचून दाखवण्यासारखी आहे.

हैदराबाद मुक्त झाल्यावर दोन वर्षांत, 1950 साली, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला महाविद्यालय काढलं. तेच आजचं मिलिंद. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज चालवणाऱ्या माणसानं पुढच्या कॉलेजसाठी निजामी अमलातून नुकताच सुटलेला, शाळांचा तुटवडा असलेला हा भाग निवडला, यात त्यांचा हिशेब स्पष्ट दिसतो. मिलिंदच्या आवारात, नागसेनवनात, खेड्यापाड्यांतून मुलं आली. बहुतेकांच्या घरात त्यांच्याआधी कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 मध्ये. म्हणजे विद्यापीठाच्या आधी आठ वर्षं मिलिंदमध्ये विद्यार्थ्यांची एक पिढी तयार होत होती. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघालं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिची हाक पोहोचायला औरंगाबादला वेळ लागला नाही, कारण ऐकणारे कान वसतिगृहांत तयार बसले होते.

मग 1974. 1972 च्या दुष्काळाचे चटके ताजे होते. गुजरातेत मेसच्या बिलावरून सुरू झालेल्या नवनिर्माण आंदोलनानं मुख्यमंत्री घालवला होता, बिहारमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होते. मराठवाड्यातही मुलं उठली. स्थानिकांना नोकऱ्या, रुंदमापी रेल्वे, उद्योग, पाणी अशा मागण्यांचं ते विकास आंदोलन होतं. मराठवाड्याच्या पुढच्या राजकारणातले कितीतरी चेहरे त्यातून आले. चारच वर्षांनी त्या आंदोलनातली मुलं नामांतराच्या प्रश्नावर दोन बाजूंना उभी राहिली, आणि मला हा या इतिहासातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

विद्यार्थी चळवळ म्हणजे पुढे नेणारी चळवळ, असा आपला एक गोड समज असतो. औरंगाबादनं तो खोटा पाडला. नामांतराच्या बाजूनं पँथरची मुलं होती, मिलिंदची होती, युवक क्रांती दलाची आणि समाजवादी घरांतली सवर्ण मुलंही होती. विरोधातही विद्यार्थीच होते. बंद पुकारणारे, एसटी अडवणारे, कॉलेजं बंद पाडणारे. त्यांच्या पाठीशी गोविंदभाई श्रॉफ आणि दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखी, निजामाशी लढलेली, ज्यांच्या त्यागाबद्दल शंका घेता येत नाही अशी माणसं होती. प्रदेशाचं नाव ही आमची अस्मिता आहे, असं ते म्हणत. नामांतराची बाजू घेणाऱ्या वृद्ध एस. एम. जोशींना याच मराठवाड्यात अपमान सोसावा लागला. आणि गावात जे झालं ते पाटीवरच्या नावापुरतं नव्हतंच. शिकलेली पोरं गावकीची कामं नाकारत होती, मेलेलं जनावर ओढत नव्हती, गायरान कसत होती, सरकारी नोकरीत दिसू लागली होती. राग त्याचा होता. नाव हे निमित्त.

आता हा इतिहास लिहायचा तर दोन्ही बाजूंचे कागद हवेत. नामांतरवाद्यांचे गठ्ठे निदान अभिमानानं ठेवले गेले. विरोधी बाजूची पत्रकं कुणी ठेवली असतील तर ती आता लपवली जातात. ज्यांनी ती काढली त्यांतले कितीतरी पुढे प्राध्यापक झाले, वकील झाले, आमदार झाले, आणि 14 जानेवारीला शुभेच्छांचे फलकही लावतात. त्यांना मी मुद्दाम सांगतो: तुमचे कागदही द्या. तुम्हाला आज त्यांची लाज वाटत असेल तर ती तुमची वाढ आहे. वाटत नसेल तर तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत नोंदलेलं राहील. पण तुमच्या पेटीतलं पत्रक जाळलंत तर 1978 ची दंगल कुठूनतरी आपोआप उगवली, असं पुढच्या पिढ्यांना शिकवलं जाईल. ती आपोआप उगवली नव्हती. तिच्यामागे भाषा होती, छापखाने होते, सभा होत्या, वर्गणी होती.

पत्रक ही चीज दिसते तेवढी साधी नसते. 1867 च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण देणं सक्तीचं होतं, म्हणून तळाला बारीक टायपात छापखाना असतो. तेवढ्या एका ओळीवरून कळतं की जोखीम कोणत्या छापखान्यानं घेतली, कोणत्या गल्लीत काम झालं, कोणत्या बाजूला कुणाचा आधार होता. ज्या पत्रकावर ती ओळ नाही, ते का नाही हाही एक पुरावाच. खाली निमंत्रकांची नावं असतात. दोन महिन्यांच्या अंतरानं निघालेली दोन पत्रकं शेजारी ठेवली की कोण फुटलं, कोण आलं ते उघडं पडतं. शुद्धलेखन पाहा, इंग्रजी शब्द पाहा, पत्रक शहरातल्या वकिलानं लिहिलं की वसतिगृहातल्या पोरानं, हे दहा ओळींत लक्षात येतं.

आणि तरी पत्रक अर्धमुकंच असतं. त्यावर लिहिलेलं असतं 'येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता प्रचंड मोर्चा'. कोणत्या महिन्यातला मंगळवार? कोणतं साल? वाटणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होतं, म्हणून कुणी छापलं नाही. आज ते फक्त वाटणाऱ्याला सांगता येतं. उलट माणसाला नुसतं बोलतं केलं तर 1978 मधली सभा 1981 मध्ये जाते, दोन मोर्च्यांचा एक मोर्चा होतो. चार दशकांत कुणाचंही होईल. कागद समोर ठेवला की माणूस सावरतो, 'नाही, हे लाँग मार्चच्या आधीचं, तेव्हा आम्ही अजून जुन्या खोलीत होतो,' असं म्हणतो. म्हणून दोन्ही एकाच टेबलावर असले पाहिजेत, कागद आणि तो कागद वाटणारा. दहा वर्षांनी कागद कदाचित मिळतील. सांगणारा मिळणार नाही.

बायकांच्या बाबतीत तर कागदही नाहीत. सत्याग्रहात कितीतरी जणी तुरुंगात गेल्या, कडेवर मूल घेऊन गेल्या, पण पत्रकाच्या तळाच्या निमंत्रकांत त्यांची नावं क्वचित. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली सिद्ध केलं. त्या दोघी तेव्हा गेल्या नसत्या तर त्या स्त्रियांचं कर्तृत्व त्यांच्याबरोबरच गेलं असतं. नामांतराच्या लढ्यातल्या मुलींसाठी, आयांसाठी, वसतिगृहाला डबे पोचवणाऱ्यांसाठी असं काम कुणीतरी आता, याच वर्षी, हाती घ्यायला हवं.

गाण्यांच्या वह्यांचंही तेच. मोर्चा पत्रकावर चालला नाही, गाण्यावर चालला. वामनदादा कर्डकांसारख्या मोठ्या कवीची गाणी छापली गेली, पण प्रत्येक वस्तीत एक गायन पार्टी होती, तिचा कुणी कवी होता, दोनशे पानी वहीत निळ्या शाईनं तो लिहीत होता. त्या वह्या आणि त्या काळच्या कॅसेटी आज घराघरांत पडून आहेत. कॅसेटच्या फितीला बुरशी धरली की आवाज गेला. ते गाणं दुसऱ्या कुणाला येत नसेल तर ते कायमचं गेलं.

हे काम सरकारनं करावं, असं म्हणून हात झटकता येतील. सरकारी दप्तरात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. 'अ' कायम राहतो, 'ड'ची वर्षभरात विल्हेवाट लागते. विद्यार्थ्याच्या पत्रकाला 'अ' वर्ग देईल असा कारकून जन्माला यायचा आहे. खुद्द बाबासाहेबांच्या हस्तलिखितांची कथा आठवा. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते कागद वर्षानुवर्षं पेट्यांत बंद पडून होते. वसंत मून यांच्यासारखा माणूस त्यांच्या मागे लागला, समिती झाली, आणि भाषणं व लेखनाचा पहिला खंड निघाला 1979 साली. लाँग मार्च निघाला तेच वर्ष. ज्यांच्या नावासाठी मुलं लाठ्या खात होती, त्यांचं निम्मं लेखन तोवर त्या मुलांना वाचायलाच मिळालं नव्हतं.

आणि मराठी माणसाला कागद जमवायला कुणी शिकवायची गरज आहे का? वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून फिरले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेली दप्तरं त्यांनी सोडवली, 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत राहिले, 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. पेशव्यांच्या मुदपाकखान्याचा हिशेब आपल्याकडे आहे. तो असावाच. पण 1978 च्या वसतिगृहाच्या मेसचा हिशेब नाही, ही निवड कुणीतरी केली आहे आणि ती जातीला धरून झाली आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?

परदेशात पाहायचं तर दोन ठिकाणं सांगतो. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1964 साली विद्यार्थ्यांनी आवारात राजकीय बोलण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं. प्रशासकीय इमारतीत ठिय्या देणाऱ्या आठशेच्या आसपास मुलांना पोलिसांनी उचललं. आज त्याच विद्यापीठाच्या बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालयात त्या आंदोलनाची पत्रकं, पत्रं, भाषणांच्या ध्वनिफिती जतन केलेल्या आहेत आणि जगात कुणालाही पाहता येतात. दुसरं ठिकाण जवळचं आहे. 1952 च्या भाषा आंदोलनात ढाक्याचे विद्यार्थी गोळ्या खाऊन पडले, तिथून 1971 पर्यंतचा इतिहास सांगणारं मुक्तियुद्ध संग्रहालय 1996 साली काही नागरिकांनी एका जुन्या भाड्याच्या घरात सुरू केलं. वस्तू लोकांनी दिल्या. पुढे शाळकरी मुलांना काम देण्यात आलं: घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी लिहून आणा. मुलांनी त्या हजारोंनी आणल्या. यात न परवडणारं काय आहे?

आपल्याकडे मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, विद्यापीठ आहे, त्याच्या आवारात इतिहास वस्तुसंग्रहालयही आहे, जिथे सातवाहनकाळातल्या वस्तू काचेमागे नीट ठेवलेल्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं पैठण जपणाऱ्या विद्यापीठाला स्वतःच्या नावाचा इतिहास जपता येऊ नये? विद्यापीठाकडे मागणी साधी आहे. ग्रंथालयात एक कोरडी, वाळवीमुक्त खोली. कागद हाताळायचं शिक्षण घेतलेला एक पूर्णवेळ माणूस. एक चांगला स्कॅनर. आणि एक लेखी नियम, की मूळ कागद मालकाला हवा असेल तर प्रत काढून पावतीसह परत मिळेल. संशोधनाचे प्रकल्प, चर्चासत्रं, स्मरणिका यांवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये, नामविस्ताराच्याच वर्षी, स्थापन झालं. सगळ्यात जास्त होरपळ त्याच जिल्ह्यानं सोसली. तिथेही अशीच खोली व्हायला हवी.

मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या विभागांनी एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक मुलाखत घेण्याचं काम द्यावं, गुणांसकट. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडं लावून झाली की एक दिवस गावातल्या जाणत्या माणसांजवळ बसावं. मोबाइलवर आवाज उत्तम टिपला जातो. बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी, आणि ज्या गोष्टी पंचवीस वर्षं उघड करू नयेत असं तो म्हणेल त्या तशाच बंद ठेवाव्यात. गावात कुणाचं घर कुणी जाळलं, ही नावं आजही शेजारी राहणाऱ्या कुटुंबांची आहेत. तेवढी जबाबदारी पाळता येत नसेल तर मुलाखतीला जाऊच नये.

'जुन्या जखमा कशाला उकरता?' असं विचारणारे भेटतातच. त्यांत काही खरोखर भल्या मनाचे असतात. पण जखम ज्याची, त्याला कधी विचारलंत? ज्यांची घरं जळली, ती माणसं बोलायला तयार असतात, बहुधा त्यांना ऐकणारा भेटलेला नसतो. गप्प राहावं असं वाटतं ते इतरांना.

आजच्या विद्यार्थ्याशी याचा संबंध काय, हेही सांगतो. ज्या 1994 साली कमानीवर नाव आलं, त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका बंद केल्या. हिंसाचार होतो, हे कारण होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण परिणाम असा, की गुणपत्रिका पाहून नेमलेल्या प्रतिनिधींच्या पिढ्याच्या पिढ्या आल्या नि गेल्या. 2016 च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, तरी सवय परत येत नाही. फी वाढली, शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहाच्या नळाला पाणी नाही, तर काय करायचं? निवेदन कसं लिहायचं, कुणाला सोबत घ्यायचं, कुठे थांबायचं, वाटाघाटीला बसताना काय सोडायचं नाही? हे शिकवणारा अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठात नाही. तो त्या पत्र्याच्या पेट्यांत आहे, चुकांसकट. जी चळवळ आपल्या चुका जपते तिच्याकडून शिकता येतं. नुसता जयजयकार जपणारीकडून नाही.

आणि आत्ताच्या चळवळींचं काय? 2015 साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या मुलांचा संप 139 दिवस चालला. 2016 च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतूनही मुलं रस्त्यावर उतरली. त्यांची पत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, फोटो फोनमध्ये राहिले, फोन बदलले. न्यूजप्रिंट चाळीस वर्षं टिकतो. फोनमधलं पत्रक चार वर्षं टिकलं तरी नशीब. तेव्हा तिशीतल्यांनी हे वडिलांचं प्रकरण आहे असं समजू नये.

आता घरी काय करायचं ते. माळ्यावरचा गठ्ठा काढा, पण उन्हात वाळत घालू नका. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना अलगद काढा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको; टिकावं म्हणून लोक ते करतात आणि कागद कायमचा अडकवून टाकतात. घड्या हलक्या हातानं उघडून कागद सपाट ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. प्रत्येकाचा फोनवर सरळ वरून, चांगल्या उजेडात फोटो काढा, मागची बाजूही. मग ज्याचा गठ्ठा आहे त्याच्याजवळ बसा आणि एकेक कागद हातात देऊन विचारा: कधीचं, कुणी लिहिलं, कुठे छापलं, फोटोत डावीकडून कोण कोण. सांगतील ते वहीत लिहा. फोटोच्या मागे लिहायचंच झालं तर शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं.

मूळ कागद कुणाही अनोळखी संशोधकाच्या हाती देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी. प्रत द्या, पावती घ्या. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला, तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथपालाला भेटा आणि प्रतींचा एक संच तिथे ठेवा, एक विद्यापीठात, एक घरी. एकाच ठिकाणी ठेवलेलं काही टिकत नाही. येत्या 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकांचे स्टॉल लागतील तेव्हा संघटनांनी, मग त्या कोणत्याही गटाच्या असोत, एक स्टॉल केवळ स्कॅनिंगचा लावावा. माणसं नांदेडहून, परभणीहून, नागपूरहून येतातच. येताना पिशवीत आपले कागद घेऊन या असं महिनाभर आधी सांगावं. संध्याकाळपर्यंत कागद परत त्यांच्या पिशवीत जातील.

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर आणि अधिसभेवर जे सदस्य आहेत, त्यांनी या खोलीचा ठराव पुढच्याच बैठकीत मांडावा. जे माजी विद्यार्थी आहेत त्यांनी कुलगुरूंना पत्र लिहून तो मागावा. आणि ज्यांच्या घरी असा एखादा गठ्ठा आहे, त्यांनी ठरावाची वाट न पाहता या रविवारी तो खाली काढावा. ज्यानं तो जपला तो माणूस घरात असेल तर शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि पहिल्या कागदाची तारीख विचारा.